घरचे साडेआठ

माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, असं मला ओळखणारी माणसं नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकतात, आणि ती काही चुकीचं सांगत नाहीत. मी एक मांजर पाहिलं तर घरी पोचेपर्यंत त्याचा बिबट्या होतो, आणि जेवण होईपर्यंत त्या बिबट्याला दोन पिल्लं झालेली असतात. या प्रकरणातही मी वाढवून सांगणार आहे, कारण न वाढवता सांगितलेल्या गोष्टीला चव नसते. फक्त एक कबुली आधीच देतो. इथे जिथे जिथे मी घड्याळातली वेळ लिहीन, ती मिनिटापर्यंत खरी असेल, आणि ती कोणत्या घड्याळातली हेही लिहीन. बाकी सगळं तुम्ही निम्मं करून घ्या.

बारावी झाल्यावर मी भिवापूरहून एक ट्रंक, एक गादी आणि आमच्या शेतातल्या मिरचीचं एक पोतं घेऊन नागपूरला आलो, तो सक्करदऱ्याला मावशीच्या घरी. ते पोतं मावशीसाठी होतं. मावशी मिरची भाजायला बसली की पहिल्यांदा आमचं घर खोकायचं, मग गल्ली, मग तलावाच्या काठावर फिरायला आलेली म्हातारी माणसं, आणि वारा त्या बाजूचा असला तर तलावातले मासेसुद्धा वर येऊन शिंकायचे. मावशी मात्र चुलीपुढे कोरडी बसलेली. तिला ना मिरची लागायची, ना माणसांची बोलणी. तीस वर्षं मावसाजींच्या शेजारी बसून जेवल्यावर बाईची कातडी अशीच होत असावी.

मावसाजी सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. अंगाने बारीक, मिशी कातरलेली, आवाज मात्र शंभर माणसांचा. मी इमर्जन्सी मेडिसिनच्या पदवीला प्रवेश घेतला आहे असं पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हा त्यांनी ताटातला घास खाली ठेवला.

"म्हणजे डॉक्टर होशील?"

"नाही."

"मंग कंपाउंडर?"

"नाही मावसाजी. अपघात झाला, हार्ट अटॅक आला, साप चावला, तर माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत त्याला जिवंत ठेवायचं शिकवतात. अँब्युलन्समध्ये."

"म्हणजे स्ट्रेचर उचलाचं."

"तेही येतं त्यात."

"मंग हमाल म्हण न सरळ. तीन वर्षं शिकून हमाल! स्टेशनवरचे लोक तं एका दिवसात शिकतेत."

त्या दिवसापासून माझं नाव हमाल झालं. गजानन हे नाव आईने ठेवलेलं, गजू हे मावशीचं, आणि हमाल हे मावसाजींचं. "हमाल, आंघोळीचं पाणी किती घेतो?" "हमाल, पंखा बंद कर." पाहुण्यांपुढे ओळखसुद्धा तीच. मीही काही गोगलगाय नव्हतो. ते वरणात लिंबू पिळत असताना मी त्यांच्यासमोर, जिभेवर येईल तितक्या रंगात, त्या दिवशी पाहिलेला पाय सांगायचो. कोणाचा, कुठून तुटलेला, आत काय काय दिसत होतं. गोळा-भात केला की भातातल्या डाळीच्या गोळ्यांवरून मला हमखास काहीतरी आठवायचं. दोन वर्षांत मी त्यांची निदान चारशे जेवणं नासवली असतील. निम्मी करा, तरी दोनशे होतात.

त्या घराची मुख्य सत्ता मावसाजींची नव्हती, हॉलमधल्या घड्याळाची होती. तरुणपणी कधीतरी मावसाजींना कचेरीत पोचायला उशीर झाला होता आणि साहेबाने सगळ्यांसमोर पाणउतारा केला होता. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे केलं. पुष्कळ घरांत घड्याळ पाच-दहा मिनिटं पुढे असतं, पण तिथले लोक मनातल्या मनात वजाबाकी करतात. मावसाजींच्या घरात वजाबाकीला बंदी होती. घड्याळात साडेआठ म्हणजे साडेआठ. मावशीच्या मोबाईलची वेळही त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन पंचवीस मिनिटं पुढे करून ठेवली होती. त्यामुळे टीव्हीवरच्या सातच्या बातम्या आमच्याकडे रोज सात पंचवीसला लागायच्या, आणि मावसाजी रोज त्या बातम्या देणाऱ्या बाईला म्हणायचे, "आली? झोप झाली बापा?" निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. कुठेच जायचं नव्हतं. तरी घड्याळ पुढेच.

साडेआठला पोहे. घरचे साडेआठ, म्हणजे जगाचे आठ वाजून पाच मिनिटं. पोह्यांवर तर्री, ती आमच्याच मिरचीची, लाल तवंगाची, आणि मावसाजी पहिला घास घ्यायच्या आधी घड्याळाकडे मान वर करून पाहायचे. काटा पुढे गेलेला दिसला तर मावशीचं काही खरं नसायचं. मी या पोह्यांना कधी नसायचो. माझं कॉलेज लवकर भरायचं, मी जगाच्या साडेसातलाच बाहेर पडायचो. मनातली वजाबाकी मी चोरून करायचो, पण करायचो. दोन वर्षांत ती इतकी अंगात मुरली की कुठलंही घड्याळ पाहिलं तरी माझं डोकं आधी पंचवीस वजा करायला धावायचं.

कॉलेजात आम्हाला एक सर होते. कमी बोलायचे आणि तेवढंही दिलं हे उपकार, अशा चेहऱ्याने बोलायचे. अँब्युलन्समधून पेशंट आणला की दवाखान्यात सोपवताना चार गोष्टी सांगायच्या असतात: कोण, काय झालं, किती वाजता झालं, आपण काय केलं. माझा पहिला कागद त्यांनी उभ्या वर्गासमोर वाचला. "भर चौकात पाच हजारांच्या गर्दीतून वाट काढत..." तिथेच थांबले. मला विचारलं, "पेशंट किती?"

"एक, सर."

"मग एक लिही. गोष्ट आईला सांग. डॉक्टरला वेळ सांग."

तो कागद त्यांनी माझ्याकडून सात वेळा लिहून घेतला. सातव्यांदा त्यात चार ओळी उरल्या. मला वाटलं होतं या माणसाने माझी जीभ कापली. त्यांना मी पहिल्या वर्षभर मनापासून शिव्या दिल्या. घरी एक शत्रू आणि कॉलेजात एक, अशी माझी बरी सोय होती.

आता तो दिवस. मे महिना, आणि नागपूरचा मे म्हणजे काय हे सांगायला मला वाढवावं लागत नाही. प्रॅक्टिकल आटोपून मी जेवायला घरी आलो तेव्हा माझ्या मनगटावर अकरा चाळीस झाले होते. माझं मनगटी घड्याळ जगाच्या वेळेवर होतं. ते मावसाजींना कळू नये म्हणून मी दारात शिरताना खिशात टाकायचो. गल्लीच्या तोंडापासूनच लसणाच्या तेलाचा वास येत होता. हॉलमध्ये मावसाजी दिवाणावर आडवे, आणि त्यांचे धाकटे भाऊ बाळूकाका बनियनवर बसून त्यांचा उजवा हात असा रगडत होते की जणू त्यातून तेल काढायचं आहे. बाळूकाका पलीकडच्याच घरात राहायचे आणि त्यांना जगातल्या प्रत्येक रोगावर उपाय ठाऊक होता. दिवाणाखाली टोपली उपडी घातली होती आणि टोपलीत काहीतरी फडफडत होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही झालं," बाळूकाका म्हणाले. "वारं लागलं. रात्री कूलरपुढं झोपला न भाऊ. तेल लावून राहिलो. आता कबुतराचं रक्त चोळलं का दोन दिवसांत टणटणीत."

मावसाजींचं तोंड डाव्या बाजूला ओढलं गेलं होतं. उजवा गाल उशीच्या खोळीसारखा लोंबत होता. मी मावशीकडे पाहिलं. "कधीपासून वं मावशी?"

"पोहे खाऊन राहिले होते न... चमचा पडला हातातून. मले वाटलं चिडले. मंग बोलता येईना."

"अन् मले फोन काहून नाही केला?"

मावशीने पदर तोंडाशी नेला. उत्तर बाळूकाकांनी दिलं. "भाऊनंच नाही म्हटलं. तोंड वाकडं होतं तरी एवढं नीट बोलला का त्या हमालाले सांगू नका."

लकवा आहे की नाही हे पाहायच्या तीन साध्या परीक्षा आम्हाला शिकवल्या होत्या. मी दिवाणाशी वाकलो आणि म्हटलं, "मावसाजी, हसून दाखवा." आयुष्यात ते माझ्याकडे पाहून कधी हसले नव्हते, त्या दिवशी हसण्याचं काही कारण नव्हतं. "काही बोला." ते जे बोलले ते जड जिभेमुळे कळलं नाही, पण शिवी होती एवढं कळलं. "बरं, दोन्ही हात वर करा." त्यावर त्यांनी मला थोबाडीत मारली. मावसाजी उजव्या हाताचे होते आणि थप्पड डाव्याने आली होती. उजवा हात तेलात चमकत नुसता पडून होता. तिन्ही परीक्षा झाल्या होत्या.

मी अँब्युलन्स बोलावली. अकरा अठ्ठावन्नला ती गल्लीत आली. आणि मग बाळूकाका दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभे राहिले.

"नाही नेऊ देत. पॅरालिसिसवाला दवाखान्यात गेला का पडूनच परत येते. आमच्या साळ्याचं काय झालं माहीत आहे न!"

"काका, मेंदूत रक्ताची गुठळी अडकली असंल. ती विरघळवाचं इंजेक्शन असते, पण साडेचार तासांच्या आत द्या लागते. सरका."

"तू कोण बे सांगणारा? डॉक्टर आहेस? काल म्हणे उड्डाणपुलावरून आमची अँब्युलन्स उडाली. परवा म्हणे सिग्नल लाल होता तेवढ्यात बाळंतपण केलं. तुयावर कोण भरोसा ठेवन?"

काकांचं हे बरोबर होतं. अँब्युलन्स उडाली असं मी सांगितलं होतं. दोन हात उडाली असं सांगितलं होतं. मी फक्त मावसाजींच्या काखेत हात घातला, ड्रायव्हरने पाय धरले, आणि हमाल म्हणा तर हमाल, मी त्या माणसाला बाळूकाकांच्या अंगावरून, पोटावरून, त्यांच्या साळ्याच्या आठवणीवरून बाहेर काढला. या झटापटीत टोपली लाथेने उडाली, कबूतर सुटलं, त्याने घरभर तीन फेऱ्या मारल्या आणि ते जाऊन हॉलच्या घड्याळावर बसलं. कबूतर घड्याळावरच बसलं की पंख्यावर, यावर मावशीचं आणि माझं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. गाडी निघाली तेव्हा बारा वाजून नऊ मिनिटं झाली होती. अकरा मिनिटं दारात गेली. ती मी पुढे पुष्कळांना पुष्कळदा ऐकवली आहेत.

गाडीत मी कागद भरला. चारच ओळी. कोण, काय. किती वाजता? मावशी माझ्या समोर बसली होती, मावसाजींचे तळवे चोळत. "मावशी, शेवटचे चांगले कधी होते? नक्की सांग."

"साडेआठले. पोहे वाढले तेव्हा. घड्याळ पाहूनच वाढले."

मी लिहिलं: साडेआठ. सरांच्या हाताखाली दोन वर्षं काढलेल्या, घरात रोज चोरून वजाबाकी करणाऱ्या या शहाण्याने लिहिलं: साडेआठ. माझ्यासमोर माझी रडणारी मावशी होती, आणि तिच्या तोंडून निघालेला आकडा मी पोह्यांच्या बशीसारखा घेतला.

दवाखान्यात बारा बावीसला पोचलो. पुढचं सगळं भराभर झालं. मेंदूचा स्कॅन काढला, रक्तस्राव नव्हता, गुठळीच होती. डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून फार मोठ्या नसतील, पण डोळ्यांत झोप साचून साचून त्यांचं वय कळत नव्हतं. त्यांनी माझा कागद वाचला आणि मावशीला विचारलं, "आजी, साडेआठला बरे होते? नक्की?"

"हाव. आमच्या घरी सगळं घड्याळावर चालते."

बाळूकाका मागून रिक्षाने आले होते आणि त्यांचा सूर आता पार बदलला होता. "द्या मॅडम, इंजेक्शन द्या. साडेआठच होते. मी स्वतः आवाज ऐकून आलो."

डॉक्टरांनी भिंतीकडे पाहिलं. "साडेचार तास एक वाजता होतील. सोळा मिनिटं आहेत. सिस्टर, तयार करा. सही कोण करतंय?"

मीही भिंतीकडे पाहिलं. बारा चव्वेचाळीस. आणि सवयीने, केवळ सवयीने, माझं डोकं पंचवीस वजा करायला धावलं, आणि अडखळलं. हे घड्याळ खरं होतं. यातून काही वजा करायचं नव्हतं. मग वजा करायचं कशातून?

त्या क्षणी माझ्या डोक्यात जे आलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. जगाच्या आठ पाचला चमचा पडला होता. साडेचार तास बारा पस्तीसलाच संपले होते. नऊ मिनिटांपूर्वी. मी गप्प बसलो तर त्यांना इंजेक्शन मिळणार होतं; कदाचित हात वाचला असता, कदाचित डोक्यात रक्त फुटून तिथेच संपले असते. बोललो तर काहीच मिळणार नव्हतं. आणि मला तो माणूस आवडत नव्हता. दोन वर्षांत एकदाही त्याने मला माझ्या नावाने हाक मारली नव्हती. खरं बोलून मी त्याला वाचवतोय की त्याचा सूड घेतोय, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आजही मी पैज लावून सांगणार नाही. आणि मी, ज्याने जन्मात एक गोष्ट सरळ सांगितली नाही, तोंड उघडलं आणि चार शब्दांत सांगितलं.

"मॅडम, आठ पाच. साडेआठ नाही."

बाळूकाका ओरडले, "हा थापाड्या आहे मॅडम! याचं काही ऐकू नका! घरात याचं भाऊशी जमत नाही, म्हणून बोलून राहिला! जीव घेतो का बे त्याचा?"

"घरचं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढं आहे," मी म्हटलं. "मावशीला विचारा."

मावशी खाली पाहत होती. तीस वर्षं त्या घरात ते वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. डॉक्टरांनी तिला दोनदा विचारलं. नवरा चार हातांवर पडलेला असताना त्याचं घड्याळ चुकीचं आहे हे तिच्या तोंडून निघेना. तिने कमरेची पिशवी उघडली, मोबाईल काढला आणि टेबलावर ठेवला. मोबाईलमध्ये एक वाजून नऊ मिनिटं झाली होती.

डॉक्टरांनी एकदा मोबाईल पाहिला, एकदा भिंत पाहिली. "ठेवून द्या सिस्टर," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "कागदावर दुरुस्त करून सही कर." मी साडेआठवर रेघ मारली. माझ्या मागे मावसाजी पडले होते आणि त्यांचे डोळे उघडे होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

ते वाचले. बाकीचे उपचार झाले, तीन आठवड्यांनी घरी आले, जीभ हळूहळू वळायला लागली, पाय ओढत का होईना चालायला लागला. उजवा हात तेवढा गेला. या गोष्टीनंतर मी आयुष्यात भेटेल त्या मेंदूच्या डॉक्टरला विचारलं आहे: नऊ मिनिटांनी खरंच फरक पडला असता का? निदान पन्नास जणांना विचारलं असेल, आणि माझ्याकडे पन्नास वेगवेगळी उत्तरं आहेत. बाळूकाकांकडे मात्र एकच होतं, आणि ते त्यांनी सक्करदऱ्यात घरोघर वाटलं: भाच्याने मावशाचा हात खाल्ला. किराणा दुकानात माणसं माझ्याकडे पाहून बोलणं थांबवायची. मावशी मला वाढायची, पण बोलायची नाही. घर सोडून जावं असं रोज वाटायचं. गेलो नाही, कारण रोज संध्याकाळी मावसाजींच्या हाताचा व्यायाम करून घ्यायला त्या घरात दुसरं कोणाला येत नव्हतं. मी त्यांची बोटं एकेक करून उघडायचो, ते माझ्याकडे पाहायचे, आणि त्या पाहण्यात जी मिरची होती ती आमच्या शेतात कधी पिकली नाही.

मावशीने तेवढ्यात एक गोष्ट केली होती. मावसाजी दवाखान्यात असतानाच तिने हॉलमधलं घड्याळ बरोबर लावून घेतलं होतं. कोणाला सांगितलं नाही. मावसाजींना ते पहिल्याच संध्याकाळी कळलं, कारण बातम्या सातला लागल्या.

दिवाळीच्या थोडं आधी, असाच व्यायाम चालला असताना, ते पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले. शब्द जड होते पण एकेक वेगळा ऐकू येत होता.

"जन्मभर थापा मारल्या तू. अन् खरं बोलाले तुले तोच दिवस सापडला?"

इतके महिने मी उत्तर घोटून ठेवलं होतं. "तुम्ही सकाळीच फोन करू दिला असता मावसाजी, तं मी पाऊण तासात आलो असतो. हात शाबूत राहिला असता."

"तू खोटं बोलला असता तरी राहिला असता."

"किंवा मेले असते."

"मेलो असतो," ते म्हणाले. "तुये हात तं लागले नसते मले रोज." मग डाव्या हाताने त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "ते पुढं कर."

मी मावशीकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मी तीन पायांचं जुनं स्टूल ओढलं, वर चढलो, घड्याळाची काच उघडली आणि मोठा काटा ढकलायला लागलो. स्टूल हललं. मी खाली पाहिलं. मावसाजी दिवाणावरून पुढे सरकले होते आणि त्यांनी डाव्या हाताने स्टुलाचा पाय धरला होता. ते स्टूल धरत होते की हलवत होते, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून पुष्कळ वेळ ओळखायचा प्रयत्न केला. लोकांना मी ते दोन्ही प्रकारे सांगितलं आहे, ऐकणारा कसा आहे ते पाहून. खरं काय ते मला ठाऊक नाही. वेळ तेवढी ठाऊक आहे. मी काच लावली तेव्हा घड्याळात सहा वाजले होते. म्हणजे पाच पस्तीस.